लेकुरवाळा कोबी

जळोचीला आम्ही कालव्याच्या पाण्यावर माळवं करायचो. कालव्यावरच्या गोऱ्या साहेबाला आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या घरधन्यांची, वांगी फार आवडायची. त्या खुशीत साहेबानं एकदा मालकांच्या हातावर विलायती कोबीच्या बियाण्याची पुडी ठेवली. मालक घरी आले ते जहागीर मिळाल्यासारखे.

पौषात रोपं कमरेला लागली, पण कोबीचा गड्डा काही दिसेना. उलट दांड्याला खालपासून वरपर्यंत लिंबाएवढे बारके गड्डे लटकलेले. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"अगं बया, ह्याला तर लेकरं झाली! ती बी सगळी एकदम!"

मालकांनी पाटी भरून बारामतीच्या बाजाराला नेली. एका म्हातारीनं विचारलं, "एवढं कवळं असताना कशाला तोडलंसा? वाढू द्यायचं हुतं की." मग ओळखीचं कुणी भेटणार नाही म्हणून इंदापूरला गेले. तिथंही लोकांनी दाबून बघितलं, हसले आणि मेथी घेऊन गेले.

आता घरीच खाणं आलं. मालक साहेबाच्या खानसाम्याला विचारून आले: मीठ घालून तासभर उकडायचं. मी उकडलं. अर्ध्या तासात घरभर असा वास सुटला, की सासूबाई माजघरातून ओरडल्या, "कोण पादलं रं?"

"मी न्हाय आई, आईशप्पत!" मालक म्हणाले.

"माझी शप्पत घालून खोटं बोलतोस व्हय?"

तेवढ्यात शेजारची चाची नाकाला पदर लावून आली. तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान होतं आणि तिच्या हाताला आमच्या सगळ्या आळीत तोड नव्हती. तिनं झाकण उचललं. आत हिरवट लगदा.

"शिजवून शिजवून जीव घेतलास की गं ह्याचा! पाणी कशाला घातलंस?"

तिनं ताजे गड्डे मागवले, उभे दोन भाग केले. लोखंडी तवा चांगला तापवला, तेल सोडलं आणि चिरलेली बाजू खाली ठेवून गप बसली. मी उलथनं घेतलं तर हातावर चापट. बुडं तांबूस झाली तेव्हा मिरची, ठेचलेला लसूण, मीठ, वरून शेंगदाण्याचं कूट. झाकण नाही. खाली खरपूस, आत गोडसर. सासूबाईंनी "बरं हाय" म्हणत दोन भाकऱ्या संपवल्या.

चार दिवसांनी साहेब पीक बघायला आला. चिंचेखाली बाजेवर बसला. भांडं बाटू नये म्हणून सासूबाईंनी पत्रावळ काढली. तव्यावरची भाजी आणि भाकरी वाढली. साहेबानं खाल्ली, परत मागितली आणि मग विचारलं, "हे काय आहे?"

"तुमचाच कोबी, साहेब."

साहेब बोटांतला घास बघत राहिला. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "लहानपणी आई रोज उकडून द्यायची. मी टेबलाखाली कुत्र्याला घालायचो."

सासूबाई पुढं झाल्या. "मग बियाणं आमाला कशापायी दिलंसा?"

"बहीण दर वर्षी पाठवते. कुणाला तरी द्यायलाच पाहिजे."

"म्हंजी हेच्या घरचा कचरा आमच्या रानात व्हय! ह्या तांबड्या तोंडाच्याला…"

पुढचं मी लिहीत नाही. साहेबाला तेवढं भरभर कळत नव्हतं. त्यानं मालकांकडं बघितलं. मालकांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"आई म्हणती, अजून भाकरी घ्या."

साहेबानं हात जोडून भाकरी घेतली. मी पदर तोंडात कोंबून झाडामागं पळाले.

दुसऱ्याच आठवड्यात त्यानं खानसाम्याला शिकायला धाडलं. सासूबाईंनी अंगणात चूल मांडून दिली आणि मला म्हणाल्या, "शिकीव बाई त्येला. त्या साहेबाचं तरी प्वाट भरू दे." खानसामा तव्यापुढं उकिडवा बसला. "पाणी कधी घालायचं?" असं त्यानं तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा मी त्याच्या हातावर चापट दिली.