एक नंबरचं पुस्तक

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं शाळेत डबा खाल्ला त्या मास्तरांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाच नीट कळत नाही.

आणीबाणी उठली त्या साली मी आष्टीला प्राथमिक शाळेवर होतो. संध्याकाळी गावचं वाचनालय सांभाळायचो. एक लेखक होता — परग्रहावरची राज्यं, जादूगार, आकाशनौका — पन्नासच्या वर पुस्तकं लिहिलेला. गाव त्याच्यामागं वेडं. लोक विचारायचे, गुरुजी, याचं कुठून सुरू करावं? मी रुबाबात सांगायचो. सगळी वाचलीत असं मीच पसरवलं होतं ना! खरं म्हणजे एकही वाचलं नव्हतं. पोरखेळ वाटायचा मला. पण 'मला ठाऊक नाही' हे मास्तरानं म्हणायचं कसं?

कडुबामामा आमच्या शाळेचे शिपाई. लहानपण मेंढरांमागं गेलेलं. अक्षरं चाळिशीनंतर शिकले, बोट ठेवून वाचायचे. त्यांची सिंधू त्या वर्षी काविळीनं गेली. पंधरा वर्षांची. तेरवी झाली आणि काही दिवसांनी मामा वाचनालयात आले.

"सिंधू म्हनायची, बाबा, यात एक पोरगी हाय, आभाळात नाव चालवती. तिचं वाचायचं अर्ध्यावर ऱ्हायलं, गुरुजी. मी पुरं करतो. कुठून धरू?"

"नंबरानं घ्या," मी म्हणालो. "एकपासून."

आभाळात नाव चालवणाऱ्या त्या पोरीची पाच पुस्तकं होती. जुन्या बाजारातून गठ्ठ्यानं आलेली. पुस्तक आलं की मी त्याला खाकी कव्हर घालायचो, वर नंबर टाकायचो आणि पहिल्या पानावर तारखांची चिठ्ठी डकवायचो. जे हाताला लागलं ते एक, पुढचं दोन. कोणता भाग कितवा, हे पाहिलं कुणी?

आठ दिवसांनी मामा आले. तोंड उतरलेलं. "मेली की ओ ती." एवढंच. दोन नंबर घेऊन गेले.

आणि चौथ्या दिवशी — मधल्या सुट्टीची घंटा द्यायची सोडून माझ्या वर्गात धावत आले. "गुरुजी! जित्ती हाय पोरगी! परत आली!" पुस्तक माझ्यापुढं धरलं. "तुमाला ठावं व्हतं?"

मला काहीच ठाऊक नव्हतं. तरी मी मान हलवली. हो म्हणून.

संध्याकाळी एक नंबरवरची चिठ्ठी उचकटून पाहिली. खाली छापलं होतं — भाग पाचवा, शेवटचा. दोन नंबरवर — भाग तिसरा. तेव्हाच उठून त्यांच्या घरी जायला नको होतं? मी खळ घेतली आणि चिठ्ठ्या पुन्हा डकवल्या. अगदी बराबर, होत्या तिथंच.

मग तीन नंबर, चार नंबर. पोरगी लहान लहान होत गेली. मामा घंटा देताना हसायला लागले होते. बायकोला ओट्यावर बसवून वाचून दाखवत. "आता पाचात परत मोठी होईल," म्हणत. मी ऐकायचो. ऐकत राहिलो.

जाफराबादहून एक मास्तर बदलून आले, त्यांनी सगळी पुस्तकं वाचलेली. त्यांनी मामांना सहज सांगून टाकलं — "अहो, तुम्ही उलटसुलट वाचून राह्यले. ती शेवटच्या भागात मरते. तिथून कोणी परत येत न्हाई."

मामा एक नंबर मागून घेऊन माझ्या टेबलापुढं उभे राहिले. वाचनालयात सहा-सात माणसं होती. आवाज चढवला नाही त्यांनी. "गुरुजी, तुमी तर म्हन्ले व्हते, एकपासून."

सगळे माझ्याकडं पाहत होते. आणि मी — कडुबामामा म्हणायचो मी त्यांना, अहो-जाहो करायचो — मी म्हणालो, "कडुबा, भाग आत छापलेला असतो. वाचता येतं ना तुला?"

"मेंढरंबी शेपटाकडून मोजत आसंल त्यो!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मीही हसलो.

मामांनी पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर बोट ठेवलं, माझ्या चिठ्ठीवर. बोट सरकेना. मग नखानं त्यांनी चिठ्ठीची कड उचलली — थोडीशीच — आत पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. आता बोलणार, सगळ्यांसमोर बोलणार...

त्यांनी अंगठ्यानं चिठ्ठी परत दाबून बसवली. "चुकलंच माझं," म्हणाले. लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले. आणि पुस्तक टेबलावर ठेवून गेले.

मी त्यांना थांबवलं नाही. त्यानंतर मी तिथं होतो तोवर ते रोज वेळेवर घंटा द्यायचे, मला रामराम करायचे. वाचनालयाची पायरी पुन्हा चढले नाहीत. पाच नंबर त्यांचं वाचायचं राहिलं.

पाचही भाग मी पुढं वाचले, क्रमानं. माझी बदली झाली तेव्हा एक नंबर कपाटात होतं. चिठ्ठीच्या कडेला त्यांच्या अंगठ्याचा डाग होता. आत काय छापलंय ते तेव्हाही दिसत नव्हतं.