फुंकर येण्याआधी

माझ्या बायकोचा आवाज मला एका परक्या माणसाने ऐकवला, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. वीस-बावीस वर्षं तेलुगू मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचा साउंड मी सांभाळतोय. मिक्सर माझा, स्पीकर माझे, गौलीगुड्याच्या बाजारातून सोल्डर करून आणलेल्या वायरीही माझ्या. नोकरी सरकारी होती, हा नाद घरचा. आणि गाणारी बायकोच असल्यामुळे मंडळात गमतीने म्हणायचे, हिचा गळा आणि ह्यांचा हात.

गेल्या काही वर्षांत मात्र लोक वेगळंच कुजबुजायला लागले होते. आवाज पातळ झाला, वरच्या सुरात टोचतो, वय झालं आता. दिवाळी पहाटेला यंदा कुणीतरी तरुण गायिका बोलवावी, अशीही चर्चा झाली. शेवटी ‘या वर्षी तुम्हीच गा, मग पुढचं पुढे बघू’ असा निरोप आला. तो ऐकून ती दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून रियाझाला बसू लागली.

त्याच सुमारास मंडळातल्या एका कुटुंबाचा तेलुगू जावई कार्यक्रमांना यायला लागला. चाळिशीचा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पण जीव सगळा माइकमध्ये. हिमायतनगरच्या हॉलमध्ये तालमीला तो एक माइक घेऊन आला. जुन्या रेडिओ केंद्रात असायचा तसा, जाडजूड, लांबट. त्यात अॅल्युमिनियमची एक पट्टी असते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, तिलाच रिबन म्हणायचं. आवाजाने ती हलते आणि त्यातून गाणं उमटतं. स्टेजवर असला नाजूक माइक कोणी लावत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो हसला आणि माझा स्पीकर उचलायला लागला.

कारण असं की हा माइक पुढून आणि मागून सारखंच ऐकतो, बाजूंनी बहिरा. त्यामुळे गाणारीच्या पुढ्यात इतकी वर्षं असलेला माझा स्पीकर त्याने तिच्या बगलेला नेऊन ठेवला. तबला एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण नव्याचे नऊ दिवस म्हणून वायरी जोडायला लागलो.

मग ती गायली. खोटं कशाला बोलू, हॉलमध्ये तिचा तो आवाज आला जो मी लग्नानंतर नल्लकुंट्याच्या घरात, ती भाजी चिरताना गुणगुणायची तेव्हा ऐकला होता. टोचणं गेलं होतं. खालचा सूर भरदार, वरचा मऊ. तिने गाणं मध्येच थांबवलं, त्याने रेकॉर्ड केलेलं पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. तिचे डोळे भरून आले होते. ती त्याच्याकडे बघत होती, आणि मिक्सरमागे उभ्या असलेल्या माझ्या पोटात दुखायला लागलं ते दिवाळीपर्यंत थांबलं नाही. घरीही तेच. तो म्हणतो एक वीत लांब बसा, तो म्हणतो मान किंचित तिरपी ठेवा. मी सांगितलेलं एक वाक्य तिने इतक्या वर्षांत असं घोकलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या पहाटे त्याने माइकवर घातलेलं कापडी पिशवीसारखं झाकण काढलं आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, “अंकल, एकीच बात. कोई फूँके नक्को. फूँके तो रिबन गई.” मी हौ म्हणालो.

आता आमच्या मंडळाचे अध्यक्ष. वय ऐंशीच्या घरात, वकिली केलेला खणखणीत माणूस. दीपप्रज्वलन झालं की स्टेजच्या मधोमध उभं राहून माइकमध्ये तीनदा फुंकायचं आणि मग ‘हॅलो’ म्हणायचं, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. बोलण्यासाठी वेगळा माइक त्या दिवशी कडेला ठेवला होता. जावई मागे वायर बघत होता. अध्यक्षांनी समई लावली, हात पुसले आणि सवयीप्रमाणे मधोमध चालू लागले. मी मिक्सरवर होतो, स्टेजपासून पाच-सहा पावलांवर. हाक मारली असती तरी पुरे होतं.

त्यांनी फुंकलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. जावई धावत येईपर्यंत सगळं झालं होतं. माइक हातात घेऊन तो कडेच्या पायरीवर बसला. मी माझा जुना माइक काढला, स्पीकर पुढ्यात आणला. ती गायली, उत्तम गायली, आणि आवाज होता तसाच टोचला. मध्यंतरात दोन बायका तिच्या वयाविषयी बोलल्या, ते मला ऐकू आलं आणि तिलाही.

घरी आल्यावर मीच विषय काढला. म्हणालो, म्हाताऱ्या माणसाला कोण अडवणार, नजरचूक झाली. ती फराळाचं ताट पुढे ठेवत होती. ठेवून झाल्यावर म्हणाली, “मी तुमच्याकडंच बघायले होते. अध्यक्ष माइकपाशी पोचायच्या आधी तुम्ही मिक्सरवरची आवाजाची कळ खाली ओढली.”

खरं होतं ते. फुंकर येणार हे मला ठाऊक होतं, म्हणून ती कळ, म्हणजे फेडर, खाली घेतली होती. माझ्या स्पीकरना धक्का बसू नये म्हणून. स्पीकर वाचवायला वेळ होता, ‘थांबा’ म्हणायला नव्हता.

मी काहीतरी पुटपुटलो, तो फार चिकटत होता वगैरे. “तो त्याच्या माइककडं बघत होता,” ती म्हणाली, “आणि मी माझा आवाज ऐकत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तो आवडला होता.”

पुढे दोनेक महिन्यांनी रिबन बदलून माइक परत आला. जावयाचा फोन आला की माझ्या घरी येऊन चार गाणी रेकॉर्ड करा, अंकलनाही आणा. अंकलने काय केलं हे तिने त्याला सांगितलेलं नाही, मीही नाही. रविवारी सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून, तंबोऱ्याचं अॅप फोनमध्ये तपासून तयार झाली. मी चपला घालायला लागलो, तर दारात थांबून मला म्हणाली, “तुम्ही नका येऊ.”