तडकलेला जोड

लेसी कॉम्ब्सचा फोटो आमच्या हायस्कूलच्या दारातच लावलाय. गळ्यात पदक, खाली ‘वेल्डिंग, राज्यात तिसरी’. येणारेजाणारे म्हणतात, पोरीनं खोऱ्याचं नाव काढलं. काढलं असेल. पण ती हल्ली कुठं असते, हे विचारायला कुणी थांबत नाही. म्हणून मी, याच हायस्कूलच्या ऑफिसातली कारकून, सांगते.

केंटकीच्या डोंगरातलं आमचं खोरं. खाणी बंद पडल्या तशी कामंही गेली. लेसीची आई डोना वृद्धाश्रमाच्या लॉन्ड्रीत चादरी धुते. म्हाताऱ्यांच्या मुताचा आणि ब्लीचचा वास तिच्या केसांतून जात नाही. लेसीला त्या लॉन्ड्रीत जायचं नव्हतं. बाकी तिची काही फार मोठी स्वप्नं नव्हती. म्हणून तिनं अकरावीला वेल्डिंग घेतलं.

पहिल्या दिवशी एक पोरगा म्हणाला, “लेसी, नेलपॉलिश वितळेल हं.”

“तुझा जोड बघितला मी,” ती म्हणाली. “च्युइंगगम चिकटवल्यासारखा दिसतोय. आधी तो वितळव.”

शिकवायला एव्हरसोल सर. उमेदीची वर्षं खाणीत यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेली. हाताला कला, पण वरच्या लोकांपुढं तोंडाला कुलूप.

आता खरी गोम ऐका. हायस्कूल डोंगराच्या एका अंगाला, वेल्डिंगची शाळा दुसऱ्या अंगाला, गावात. पोरांची नेआण बसनं. हेल्मेट चढवून एक जोड पुरा होतोय न होतोय तोच बसचा हॉर्न. जोड घातलेली तापलेली लोखंडी पट्टी आपली आपण निवायला वेळ लागतो आणि निवल्याशिवाय सरांना ती तपासता येत नाही. मग सगळी पोरं एकच करायची. पट्टी सांडशीत धरायची आणि बादलीत बुडवायची. चर्रर्र. झालं काम, पळा बसकडं.

तापल्या जोडाला एकदम पाणी दाखवलं तर तो कडक होतो आणि वाकवला की तडकतो. सरांना हे ठाऊक होतं. “खऱ्या कामात असलं करायचं नाही,” असं ते रोज सांगायचे आणि बादली रोज स्वतःच भरून ठेवायचे. बस अर्धा तास उशिरा सोडा म्हणून मी शिक्षण मंडळापुढं घसा फोडला. अध्यक्ष म्हणाले, “ताई, ड्रायव्हरला पुढची फेरी असते.” म्हणजे पोरं चुकीचं शिकली तरी चालेल, फेरी चुकता कामा नये.

बारावीत लेसीची राज्य स्पर्धेला निवड झाली. पहिल्या येणाऱ्याला पाइप जोडणाऱ्यांच्या युनियनमध्ये उमेदवारीची जागा थेट मिळणार होती. शिकत शिकत पगार, पुढं पक्कं काम. बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं.

निघताना डोना म्हणाली, “हरलीस तर माझ्या शेजारचं मशीन रिकामं आहे.”

“आई, तू शुभेच्छा देतेयस की नोकरी?”

“जे घरात आहे ते देतेय.”

मुलीबरोबर एक बाई हवी म्हणून शाळेच्या व्हॅनमध्ये सरांसोबत मीही होते. लुईव्हिल शहरातल्या त्या मोठ्या हॉलमध्ये शिक्षकांनी पिवळ्या पट्ट्यामागं उभं राहायचं होतं. शिक्षक एक शब्द जरी बोलला तरी विद्यार्थी बाद.

लेसीनं जोड घातला तो असा, की नाण्यांची चवड अलगद कलंडावी. परीक्षक पुन्हा पुन्हा वाकून बघून गेला. वेळ भरपूर शिल्लक होता. शेजारचा पोरगा आपली पट्टी निवत ठेवून हाताची घडी घालून उभा होता. बूथच्या कडेला पाण्याची बादली होती, आग लागली तर असावी म्हणून ठेवलेली.

लेसीनं सांडशी उचलली.

सर माझ्या शेजारीच होते. त्यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग ते मिटलं.

चर्रर्र.

जोड किती पक्का ते बघायला परीक्षकानं पट्टी यंत्रात वाकवली तेव्हा मधोमध तडा गेला, नख शिरेल एवढा. बाकीच्या कामांच्या गुणांवर ती तिसरी आली.

व्हॅनपाशी तिनं सरांना गाठलं. “सर, तुम्ही बघत होतात.”

“ओरडलो असतो तर तू बाद झाली असतीस.”

“आणि आता? जागा मिळाली?”

“मला वाटलं, तुझा हात थांबेल.”

“दोन वर्षं तुम्हीच तर तो चालवलात.”

सर व्हॅनमध्ये जाऊन बसले.

गौरव समारंभात अध्यक्षांनी तिच्या गळ्यात पदक घातलं आणि दोन शब्द बोलायला सांगितले. लेसी माईकपाशी गेली. “बस अर्धा तास उशिरा सोडा,” एवढंच म्हणाली. लोकांना वाटलं पोर गंमत करतेय. हशा, टाळ्या. अध्यक्षही हसले. बस आजही त्याच वेळेला सुटते.

लेसी आता आईशेजारच्या मशीनवर आहे. परवा मी तिथं गेले आणि तिच्यावर चिडलेच. “अशी हातपाय गाळून काय बसलीस? युनियनकडं पुन्हा अर्ज कर ना.”

“केला होता, मावशी.”

“मग?”

“परीक्षेला बोलावलं होतं त्यांनी, जोड घालून दाखवायला. नाही गेले.”

“का पण?”

ओल्या चादरींचा पिळा सोडवत ती म्हणाली, “मला नियम पाठ आहे. तेव्हाही पाठ होता. पट्टी तापली की माझा हात काय करेल, ते मला सांगता येत नाही.”

डोनानं पलीकडून आमच्याकडं बघितलं आणि पुढचा गठ्ठा लेसीकडं सरकवला.