फाट्यावर मारलेली पावडर

"जागचं हलू नका. गाठोडं सोडा."

गावच्या फाट्यावर एसटीतून उतरलो, तर आरोग्य खात्याचा माणूस आमच्यापुढे उभा. सुरतेत प्लेग पसरला होता. आमच्या कडेगावकडची किती तरी माणसं तिकडे सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्यांवर राबतात. मेंढरं विकल्यावर माझे कारभारीही गावातल्याच एका शेठच्या भट्टीवर लागले. साथ आली, भट्टी बंद पडली. शेठच्या घरची माणसं मोटारीने आली. आम्ही रेल्वेने कराडला, तिथून एसटीने.

सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकायचं, मगच घरात घ्यायचं, ही आमची रीत. त्या पुढे झाल्या तसा सरपंच ओरडला, "ए म्हातारे, मागं सर! पिलेग हाय त्यो, पाव्हणा न्हाई."

भाकरतुकडा त्यांच्या हातातच राहिला.

मग पावडर मारली. अंथरुणावर, कपड्यांवर. शेवटी माझ्या डोक्यावर.

"गिरणीतनं आल्यागत दिसतीया गड्या!" कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

माझी आठ वर्षांची पोर तापाने फणफणली होती. पावडर नाकात गेली, ती खोकली. हसणारे सगळे मागे पळाले.

"साहेब, हिला बघा," मी म्हणाले.

"गोळ्या संपल्या. उद्या बघू."

सरपंचाने समजावलं, "शेठच्या घरी समद्यांस्नी दिल्या. त्येंच्या म्हातारीला, घरगड्यालाबी. सरकार तरी किती पुरवणार?"

शेठचा बंगला फाट्यालाच. ओट्यावर शेठाणी नाकाला पदर लावून आमची गंमत बघत होती. सुरतेत तिची खोली आमच्या खोलीच्या वर. जिना एक. नळ एक. तिच्या अंगावर पावडरीचा कण नव्हता.

मी चारचौघांत कधी बोललेली बाई नव्हे. त्या दिवशी बोलले.

"शेठाणीबाई सुरतेच्या आमच्याच घरातनं आल्यात. वरच्या मजल्यावरनं. त्यांच्यावर मारा पावडर. न्हाईतर माझ्या पोरीला गोळी द्या."

कारभाऱ्यांनी दंड धरला. "गप. भट्टी परत सुरू हुयाची हाय."

मी दंड सोडवला. पोरीला उचललं आणि बंगल्याच्या पायरीवर जाऊन बसले. तशीच, पांढरी.

शेठाणीने गोळ्यांचं पाकीट फेकलं. ते मातीत पडलं. माझा हात पुढे गेला होता. मी तो मागे घेतला.

"साहेब, तुमी उचला. औषिद सरकारचं हाय. पोरीच्या अंगाला हात लावून बघा, आन मग द्या."

तो वाकला. पाकीट उचललं. पोरीच्या कपाळावर हात ठेवला. एवढंच तर त्याचं काम होतं. त्यासाठी मला पायरी अडवावी लागली.

पोर बरी झाली. प्लेग नव्हताच, ना तिला, ना गावात कुणाला. कारभाऱ्यांचं काम मात्र गेलं. सासूबाई अजून म्हणतात, "लय बोललीस बाई." शेठाणीला कुणी काही म्हणत नाही.

साथ पुन्हा येईल. माझ्या घरात ताप असला तर मी लपवणार नाही, आधी मीच जाऊन सांगेन. पण पावडर घेऊन कुणी दारात आलं, तर पहिल्यांदा विचारेन, वरच्या मजल्यावर मारली का? तोवर कडी काढणार नाही.