अकरा दहाचा मुहूर्त

परदेशात लग्नाला निघालेला माणूस हल्ली आधी माझ्या ओट्यावर येतो. सणसरमधून विमानात बसलेला मी काही पहिला नाही, पण परत येऊन इतकं बोंबलत सांगणारा मीच पहिला.

तर ऐका. अडकित्ता हातातल्या पिशवीत ठेवू नका. विमानतळावरच्या साहेबानं माझा काढून घेतला. म्हटलं, "साहेब, सुपारी काय दातानं फोडू?" तो म्हणाला, फोडा. फेटा बांधून जाऊ नका, सगळा उकलायला लावतात आणि मागं रांगेतली माणसं बघत बसतात. शेंगदाण्याची चटणी मोठ्या बॅगेत ठेवा, पण लग्नाच्या सदऱ्यात गुंडाळू नका. माझा सदरा अजून लसणाचा वास मारतो.

आणि घड्याळ. पण ते सांगायचं तर आधी माझं पाप सांगावं लागतं.

माझी एकुलती बहीण लोणी भापकरला दिलेली. तिला दोन मुली. थोरलीच्या लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा होता. आता आपल्याकडं बारा पस्तीसचं लग्न दोनच्या आत लागल्याचं कुणी बघितलंय का? एकेक पुढारी येणार, माईक धरणार, वधूवरांना आशीर्वाद देता देता पाटपाण्यावर जाणार. या हिशोबानं मी निवांत निघालो, वाटेत एकाची ठिबक बघत थांबलो. नेमका त्या दिवशी एकही पुढारी फिरकला नाही. लग्न बारा पस्तीसला लागलं. मी पोचलो तेव्हा पंगतीत जिलेबी वाढत होते.

नवरीच्या पाठीशी उभं राहायचा मान मामाचा. माझ्या जागी एक लांबचा चुलत मामा उभा राहिला. घरात कुणी लग्नाचा अल्बम काढला, की त्या चुलत मामाचा फोटो आला म्हणजे बहीण पान लवकर उलटायची. ते पान उलटणं मी सहा वर्षं बघत आलो.

धाकटीनं थायलंडात समुद्राकाठी लग्न ठरवलं, तेव्हा बहीण फोनवर एवढंच म्हणाली, "दादा, या टायमाला तरी." मी म्हणालो, "आगं, आदल्या दिशी येऊन बसतो."

बसलोही. बायकोच्यानं गाई सोडून निघवेना, म्हणून एकटाच गेलो. तिथं गेल्यावर जो तो घड्याळ दीड तास पुढं करायला लागला. मी नाही केलं. मी म्हटलं, मुहूर्त कुणी काढला? आपल्या गुरुजींनी. पंचांग कुठलं? आपलं. पत्रिकेत छापलेले अकरा दहा हे आपलेच अकरा दहा. तिथल्या लोकांच्या घड्याळाचा आपल्या लग्नाशी काय संबंध? मला माझं म्हणणं इतकं पटलं की मी कुणाला विचारलंही नाही. फोन तर उतरल्यापासून बंदच पडला होता.

लग्नाच्या दिवशी माझ्या घड्याळात नऊला नाश्त्याला गेलो, तर नाश्ता संपलेला. तिथल्या पोरीला मनगट दाखवलं, तिनं भिंत दाखवली. मी भिंतीकडं बघितलं नाही. उपाशीपोटी हॉटेलमागं गेलो, तर अननसाचं शेत. मालक माझ्याच वयाचा. त्याला मराठी येत नव्हती, मला त्याची भाषा येत नव्हती, पण पाणी किती दिवसांनी देतो, खत कसलं, हे आम्ही बोटांनी बोललो. त्यानं अननस कापून दिला. सुरेख माणूस.

मग खोलीवर आलो, सदरा चढवला, फेटा बांधला आणि अकराला मांडवाकडं निघालो. दहा मिनिटं हातात. छाती काढून चाललो होतो. हॉटेलच्या दारात आपल्यातलाच एक पाहुणा उभा होता. त्याच्या मनगटावर साडेबारा.

"लग्न कुठल्या टायमानं हाय?" मी विचारलं.

"इथल्याच टायमानं की मामा. कुठल्या दुसऱ्या?"

मनात तो अल्बम आला. आता दुसरा अल्बम, दुसरं पान, दुसरा चुलत मामा. मी त्या वाळूतून चपला हातात घेऊन पळालो. फेटा सुटला, शेमला मागं लोळत होता. एवढा मोठा गाढव आपल्या तालुक्यात दुसरा नसंल, असं मोठ्यानं म्हणत पळालो.

मांडवात माणसं खुर्च्यांवर वारा घेत बसलेली. गुरुजी नारळ पुसत होते. अंतरपाट घडी घातलेलाच. धाकटी हिरव्या चुड्यात उभी, माझ्याकडं बघून हसली.

"मामा, बसा. दहा मिनिटं हायेत अजून."

"आगं, अकरा दहा..."

"ती तुमची पत्रिका. बाकीच्यांच्यात पाऊण वाजताचा हाय."

बाजूला बहिणीच्या हातात पत्रिका होती, ती मी ओढून घेतली. बारा पंचेचाळीस. पोरीनं माझ्या एकट्यासाठी वेगळी पत्रिका छापून घेतली होती, माझा उशीर आधीच धरून. राग आला. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा रागच आला. मग गुरुजींनी अंतरपाट धरला, मी तिच्या पाठीशी उभा राहिलो आणि पहिल्या मंगलाष्टकापासून शेवटच्यापर्यंत रडलो. फोटोत फेटा सुटलेला हाय, तोंड वेडंवाकडं हाय, पण मी हाय.

म्हणून सांगतो, उतरल्या उतरल्या घड्याळ लावून घ्या. सगळ्यांनाच अशी भाची नसते.

माझी ती अकरा दहाची पत्रिका मी घरात काचेच्या कपाटात लावलीय. लग्नाला आलेला एखादा बघतो आणि म्हणतो, आबा, छापणाऱ्यानं टाइम चुकवला की. मी म्हणतो, व्हय, चुकवला.