एक्केचाळीस नंबरची तक्रार

आमच्या दुकानात न मागता दोन गोष्टी साचतात. बंद पडलेले माऊस आणि किस्से. माऊस वर्षातून एकदा भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, आणि फेकवत तर अजिबात नाहीत. मग आल्या-गेल्याला सांगत बसतो. यातलं खरं किती, हे विचारू नका. एरवी अर्धं असतं. चहा पाजला तर पाऊण!

दुकान वाशीमजवळच्या मालेगावला, बसस्टँडच्या समोर. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म. बोर्डवर नाव 'गजानन-अनिल कॉम्प्युटर्स'. अनिल म्हणजे मी. गजानन म्हणजे गज्या, माझा दहावीपासूनचा मित्र आणि दुकानातला पार्टनर. सहा वर्षांपूर्वी तो जर्मनीला गेला. बोर्ड रंगवणाऱ्यानं दोनदा विचारलं, "भाऊ, एक नाव काढू काय?" म्हटलं, "तू फक्त रंग दे."

बाकी मंडळी दोन. समोरच्या कापडदुकानाचे पारसशेठ आणि कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून रिटायर झालेले देशमुख सर. दुपारी चारला चहा येतो, चहाबरोबर हे दोघं येतात. चौथी खुर्ची गज्याची. तिच्यावर मी कागदाची रिमं रचून ठेवतो. उगाच कोणी बसायला नको.

*

पारसशेठ खोटं बोलत नाहीत. कापडाचे व्यापारी असून! गिऱ्हाइकाला आपणहून सांगतात, "ताई, याचा रंग जाईन. दुसरं पाहा."

गज्या इथं होता तेव्हाची गोष्ट. ऐन पर्युषणात, जैनांच्या उपासाच्या दिवसांत, त्याच्या तोंडून निसटलं, की शेठच्या कॉम्प्युटरमधलं सगळं सॉफ्टवेअर चोरीचं आहे. टाकून आम्हीच दिलं होतं, पण शेठना वाटायचं कॉम्प्युटरसोबत ते येतंच, टीव्हीसोबत रिमोट येतो तसं. शेठ पांढरे पडले.

"म्हणजे इतकी वर्षं मी रोज सकाळी देवाचा दिवा लावून चोरी करून राह्यलो?"

संवत्सरीच्या, म्हणजे सगळ्यांची माफी मागायच्या दिवशी ते दुकानात आले आणि त्या परदेशी कंपनीला माझ्याकडून ई-मेल टाइप करून घेतला. 'आपल्याला न विचारता आपला माल वापरला. मिच्छामि दुक्कडम्.'

दोन मिनिटांत उत्तर! 'आपण संपर्क साधलात, आभारी आहोत. आमची सेवा कशी वाटली?' खाली पाच चांदण्या.

शेठनी पाचही दाबल्या. डोळ्यांत पाणी. "पाह्य गज्या, किती मोठी मानसं हायेत. काहीच बोलले नाहीत!"

*

मग गज्यानं त्यांच्या मशीनमध्ये ओपन सोर्सचं, म्हणजे कोणीही फुकट वापरावं असं, सगळं टाकून दिलं. शेठना ते काही पटेना.

"फुकट कसं देते कोनी? यात कमावते कोन?"

"शेठ, उन्हाळ्यात तुमी दुकानापुढं पानपोई लावता. त्यात कोन कमावते?"

शेठनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "पण पाणपोईवर माह्या बाबूजीचं नाव हाये."

"अथीबी नाव राह्यते. पानी प्या, घरी न्या, त्यात वाळा टाका का साखर टाका. बाबूजीचा बोर्ड काढाचा नाही. आन् माठ उघडून आत पाहाले कोनाले मना कराचं नाही. झाला कायदा!"

कॉपीराइटवरची जाडजूड पुस्तकं मी नंतर पुष्कळ चाळली. याच्यापुढं एक पान गेलेलं दिसलं नाही.

*

देशमुख सरांचा जीव कॉम्प्युटरच्या सी भाषेत. त्यांच्या मते सी नंतर जगात जे झालं, ते सगळं लाड. जावा म्हणजे लग्नाआधीच मानपान. आणि पायथन म्हणजे तर भाषाच नाही, गप्पा!

गज्यानं पायथनमध्ये लिहिलेला पहिला प्रोग्राम त्यांना दाखवला. सरांनी चष्मा पुसला, वरपासून खालपर्यंत वाचलं.

"महिरपी कंस कुठे आहेत? अर्धविराम कुठे आहेत? हे काय बिनकुंपणाचं वावर! यात गुरं शिरतील, गजानन."

"शिरू द्या सर. ओपन सोर्स हाये."

सर आठ दिवस चहाला आले नाहीत. नवव्या दिवशी आले ते त्या प्रोग्राममधल्या तीन चुका कागदावर लिहूनच. तेव्हापासून त्यांना छंद लागला. गज्या जे काही लिहील त्यात शिरून चुका शोधायच्या. अजूनही शोधतात. गज्या जर्मनीत बसून लिहितो, सर इथं चष्मा पुसतात.

*

आता तो गेला कसा, ते ऐका.

आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. कोणत्या वेळी येईल ते फक्त व्हॉल्व्ह उघडणाऱ्या बाबूरावांना ठाऊक. गज्याची आई, गयामावशी, घागर घेऊन नळापाशी दिवस दिवस बसून राहायची. म्हणून गज्यानं प्रोग्राम केला. व्हॉल्व्ह उघडला की बाबूरावांनी दुकानातल्या जुन्या मोबाइलवर मिस कॉल द्यायचा, की सगळ्या गल्लीला मेसेज: 'नळ आला! धावा!'

प्रोग्राम त्यानं इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला, पाणपोईच्या कायद्यानं. तिकडं जर्मनीत एका खेड्यात पाव विकणारी गाडी फिरते. गाडी आल्याचं कळवायला त्या लोकांनी तो उचलला. घाईत मेसेज बदलायचा राहून गेला. महिनाभर त्या खेड्यातल्या म्हाताऱ्या 'नळ आला! धावा!' वाचून पिशव्या घेऊन पावाला पळत होत्या म्हणतात!

पाववाल्यांचं काम बघणाऱ्या कंपनीनं विचारलं, हे लिहिलं कोणी? पाणपोईवरच्या बोर्डासारखं गज्याचं नाव त्यावर होतंच. गज्याला नोकरीचं बोलावणं आलं. चाळिशीचा माणूस, बायको-पोरांसकट गेला.

वाशीम स्टेशनवर त्याला सोडून आलो, त्या दिवशी गयामावशी पायरीवर बसून होती. मला म्हणाली, "पानी आनाले बनवलं होतं बाप्पा. पोरगंच वाहून नेलं."

*

पहिलं वर्ष फोन व्हायचे. मग त्याची मीटिंग, आमची लाइट, पोरांची शाळा. फोन वाजायचा, उचलला जायचा नाही.

एकदा नळाच्या प्रोग्राममध्ये खरोखरच बिघाड झाला. प्रोग्रामच्या पानावर तक्रारवही असते, कोणीही लिहावं अशी. तिथं लिहिलं. पाच मिनिटांत गज्या हजर! 'अन्या, काय झालं? कवापासून? स्क्रीनचा फोटो टाक.' तासभर बोलत होता.

मला रस्ता सापडला.

दुसऱ्याच आठवड्यात एक खोटी तक्रार टाकली. मग आणखी एक. मग सरांनी टाकली, व्याकरणशुद्ध. पुढं पुढं तर आम्ही प्रोग्रामचं नावही घेईनासे झालो. 'कचोरीवाल्यानं चटणी बदलली. चव आधीसारखी येत नाही.' गज्याचं उत्तर: 'जुन्या चटणीवर परत जा.' मी लिहिलं, 'थंडी पडली. शेकोटीजवळ एका माणसाची जागा रिकामी दिसते.' गज्या: 'माझ्या मशीनवर हा प्रकार दिसत नाही. तक्रार बंद.'

ते वाचून शेठ म्हणाले, "दिसत नाही म्हनते, मग इतक्या लवकर उत्तर काहून देते?"

*

मध्ये भुलाबाईचे, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याचे दिवस आले. गयामावशी गल्लीतल्या पोरींना घेऊन गाणी म्हणत होती. मी मोबाइलवर घेतलं आणि इंटरनेटवर टाकलं. म्हटलं, गज्या ऐकेल. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ गायब! नोटीस आली, की हे गाणं एका कंपनीच्या मालकीचं आहे.

मावशीला सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी.

"कोन्त्या गावची हाये ते कंपनी? तिच्या मायले इचार, तिले हे गानं कोनं शिकोलं!"

हरकतीचा फॉर्म भरायला बसलो. त्यात रकाना: गाण्याचा मूळ मालक कोण?

"लिव. मालक मेली. तिले शिकोनारी मालकबी मेली. आता मी हावो. आन् माह्यामांगं ह्या चौदा पोरी हायेत. कंपनीले म्हना, ये अंगनात, तुलेबी शिकवतो."

तसंच्या तसं लिहून पाठवलं. महिन्यानं व्हिडिओ परत! आता फॉर्म कंपनीतल्या कोणी वाचला की मशीननं व्हिडिओ आपोआप सोडला, ते कळायला मार्ग नाही. मावशीचं म्हणणं, कंपनीत कोणीतरी बाई असेल.

व्हिडिओ परत आल्यावर मावशी मला म्हणाली, "तुमी समदे त्या वहीत लिवता. गज्या झटक्यात उत्तर देते. माह्यं काहून नाही लिवत?"

"लिहितो की. सांग."

ती पदर सावरून बसली. फोटो काढायचा असल्यासारखी.

"लिव. घरी कवा येतो?"

तक्रार नंबर एक्केचाळीस. पाच मिनिटं गेली. तास गेला. दिवस गेला. गज्यानं बेचाळीसला उत्तर दिलं, त्रेचाळीस बंद केली. एक्केचाळीसला हात लावला नाही. उत्तर नाही, बंदही नाही.

*

पुढं तक्रारी फार साचल्या म्हणून गज्यानं वहीवर एक रोबोट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, बसवला. साठ दिवस कोणी काही लिहिलं नाही, तर तक्रार आपोआप बंद. तशी सूचनाच लावली त्यानं पानावर. मी मावशीला वाचून दाखवली, तीच माझी चूक.

"बंद करन? गज्या?"

"गज्या नाही मावशी. रोबोट."

"त्या मुडद्याले माय नाही काय!"

तेव्हापासून नेम सुरू झाला. कॅलेंडरवर मावशी कुंकवाचं बोट लावते आणि अठ्ठावन्नाव्या दिवशी काठी टेकत दुकानात येते. गल्लीपासून बसस्टँड म्हणजे तिच्या गुडघ्यांना दोन ठिकाणी बसून यावं लागतं. चौथ्या खुर्चीवरची रिमं मी तिच्याचसाठी उचलतो. ती एकेक ओळ सांगते.

"लिव, कवठाची चटनी केली."

"लिव, तूर निंघाली. यंदा दाना भरला."

"लिव, तुह्या भाचीले, पिंटीले पोरगी झाली. डोये तुह्यावानी हायेत, मिटलेलेच राह्यतात."

ही वही जगात कोणालाही वाचता येते. एकदा ब्राझीलच्या कोण्या पोरानं भाषांतर करून वाचलं आणि खाली लिहिलं, 'माझ्याकडेही हीच अडचण आहे.' मी मावशीला वाचून दाखवलं.

"त्याच्याबी मायनं लिवलं काय?"

"नाही. तोच घरापासून दूर आहे."

"मंग त्याले लिव. बावा, तू तरी जाय."

पंधरा दिवसांनी त्यानं फोटो टाकला. दारात एक म्हातारी, तिच्या गळ्यात हा. मावशीनं प्रिंट काढून मागितली. रंगीत. तिच्या देव्हाऱ्याशेजारी आजही चिकटवलेली आहे. आल्या-गेल्याला सांगते, "हा तक्रार ऐकनारा पोरगा."

*

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. चहा आलेला. देशमुख सर सवयीप्रमाणं गज्याच्या लिखाणात शिरलेले. त्या दिवशी त्यांनी रोबोटचा प्रोग्राम उघडला होता. माठ उघडून आत बघायला मनाई नाहीच.

"चूक सापडली," सर म्हणाले. "हा रोबोट सगळ्या तक्रारी बंद करत नाही. इथं एक ओळ आहे. एक नंबर सोडून दे, म्हणून."

"कोणता नंबर?"

सरांनी चष्मा पुसला. परत घातला.

"एक्केचाळीस. शेजारी टीप आहे." आणि सी भाषेतल्या त्या माणसानं गज्याची वऱ्हाडी टीप सावकाश वाचली: "'हे मायचं हाये. याले हात लावाचा नाही.'"

"कधी लिहिलं हे?"

"रोबोट बसवला त्याच दिवशी."

शेठ म्हणाले, "म्हणजे मावशी इतक्या दिवसांपासून चालत..."

त्यांचं वाक्य तिथंच राहिलं. दारात काठी वाजली. मावशी. धापा टाकत, कपाळाला घाम, हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान.

"अन्या, बंद तं नाही झालं ना? मंधात तापानं पडली होती. बोटं मोजाची राह्यली माह्यी."

मी रिमं उचलायला वळलो. सरांनी स्क्रीन झाकायला उगाच पेपर उघडला. मावशीनं आम्हा दोघांकडं पाहिलं, आमचा भरवसा तिला नव्हताच. मग शेठकडं वळली.

"शेठ, तुमी खोटं बोलत नाही. तुमीच सांगा. किती दिस राह्यले?"

पारसशेठनी हातातला कप खाली ठेवला. टोपी काढली, परत घातली.

"दोनच, मावशी. लिवा लवकर."