दुपारी अडणारा कॉम्प्युटर

आम्रपाली ओव्हाळ कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागल्या, तेव्हा तिथला मिनीकॉम्प्युटर त्यांच्याच ताब्यात होता. पुढे तो भंगारात निघाला. बाईंनी रीतसर अर्ज करून तो मिळवला आणि टेम्पोत घालून कात्रजच्या फ्लॅटवर आणला. यजमान प्रज्ञेशराव लोखंडी कपाटाएवढ्या त्या धुडाकडे बघून म्हणाले, "लिफ्टला विचारलंयस का?" लिफ्टमध्ये तो मावला नाहीच. हमालांनी जिन्याने चढवला.

निवृत्तीनंतर बाईंनी दुरुस्तीला हात घातला. कॉम्प्युटर सुरू झाला, पण मोठा प्रोग्रॅम मध्येच अडायचा. मेमरी सांभाळणाऱ्या बोर्डात दोष होता, एवढं कळलं. प्रोग्रॅमने मागितलेल्या पत्त्यात एक आकडा मिळवायचा आणि मेमरीतली खरी जागा काढायची, हे त्या बोर्डाचं काम. तो आकडा साठवणाऱ्या चिपांवर बाईंचा संशय होता. खपून खपून त्यांनी त्या सगळ्या बदलल्या. दोष जागच्या जागी. बाईंनी कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि दिवाळीपर्यंत त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही.

थंडी पडल्यावर एका सकाळी राहवलं नाही. सुरू केला, तर प्रोग्रॅम बिनबोभाट चालला. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं आणि अडला. दुसऱ्या दिवशीही तेच. बाई ताडकन उठल्या.

"अहो, आपल्या अक्षताचा हेअर ड्रायर कुठाय?"

लेकीचा ड्रायर सापडला. प्रज्ञेशरावांनी तो धरला. कोणती चिप तापली की प्रोग्रॅम अडतो ते बघायला बाई पुठ्ठ्याने बाकीचा बोर्ड झाकून एकेक चिप उघडी करू लागल्या.

"इतक्या वर्षांत माझे केस कधी वाळवले नाहीस."

"होते तेव्हा सांगायचं."

साठवणाऱ्या चिपा तापल्या, काही झालं नाही. शेजारची बेरीज करणारी चिप तापली मात्र, प्रोग्रॅम थांबला. ती निवल्यावर पुन्हा सुरू केला, तर चालला. परत तापवली, परत थांबला.

"आकडे बरोबरच होते हो," बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "बेरीज चुकत होती. आणि मी उगाच चांगल्या चिपा उपटत बसले."

तसली चिप तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका जुन्या दुकानात मिळाली. "अजून आहे तुमच्याकडे?" बाईंनी आश्चर्याने विचारलं.

"कोणी नेत नाही, म्हणून आहे," दुकानदार म्हणाला.

घरी येऊन त्यांनी जुनी चिप काढली, नवी झाळली. प्रज्ञेशरावांनी बोर्ड घट्ट धरला होता. दुपारचं ऊन आलं, टेबलावरून सरकत भिंतीवर गेलं. प्रोग्रॅम चालूच राहिला.

"आता काय करणार यावर?" प्रज्ञेशरावांनी विचारलं.

"काही नाही. चालू दे जरा."

दोघं त्या पंख्यांच्या घरघरीत बसून राहिली. स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला, तेव्हा कुठे प्रज्ञेशराव उठले.